तार की अलायनर? ठरवण्याआधी

दात सरळ करायला अलायनरचा, म्हणजे दातांवर बसणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक साच्यांचा विचार असेल तर आधी एकच बघा: दिवसाचे 20 ते 22 तास ते दातांवर ठेवणं जमेल का? खाताना काढायचं, नंतर ब्रश करून, निदान खळखळून चूळ भरून परत घालायचं. तासातासाला चहा लागणाऱ्यांना मी तारच सुचवेन. ती स्वतःला काढता येत नाही, त्यामुळे आळसाला वावच नाही! सुळा हाडात अडकला असेल तरी बहुधा तारच बरी पडते.

दुखतं का? हो, तार आवळली किंवा नवा अलायनर घातला की दोन-चार दिवस ठणकतं. तेव्हा मऊ भात, खिचडी. तार गालाला टोचत असेल तर डॉक्टरांकडून मेण मागून घ्या. चिक्की, ऊस, कडक चकली बंद. हळदीने तारेवरची पांढरी रबरं पिवळी पडतात, म्हणून करड्या रंगाची घ्या. अलायनर मात्र गरम पाण्याने धुऊ नका, आकार बिघडतो.

डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समधले (दात सरळ करण्याच्या शाखेतले) एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी घेतलेले आहेत का, हे बिनधास्त विचारा. खर्चात रिटेनर (उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) धरलाय का, हेही. तो नंतर घातला नाही तर दात पुन्हा सरकतात.