नावं संपेपर्यंत उठू नकोस

दादर, रविवार

प्रिय दोस्त,

फारसं कुणी न ऐकलेलं, न पाहिलेलं, न खेळलेलं असं काय काय आहे, त्याची यादी तू मागितली आहेस. यादी पाठवली की तू ती सेव्ह करणार आणि विसरणार. माझ्याही फोनमध्ये अशा याद्या धूळ खात पडल्या आहेत. म्हणून सुरुवातीला एकच नाव देतो.

चरणजित सिंग. मुंबईतले वादक, हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे. १९८२ मध्ये एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीने त्यांची एक एलपी, म्हणजे मोठी तबकडी, काढली, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. नाव वाचून हसू येतं, कबूल. पण हेडफोन लाव आणि पहिला राग, भैरव, ऐक. रोलंड कंपनीची ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि टीआर-८०८ हे तालाचं, ही तीन यंत्रं, बस्स. ताल न थकता ठोकत राहतो, बेस खालून घरंगळत जातो आणि वर भैरवाचे कोमल रिषभ-धैवत आपापल्या जागी. कलावती रात्री ऐक. यमन मला जरा घाईचा वाटतो, तुझं तू ठरव.

ही तबकडी चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच टीबी-३०३ वर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ केलं आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार गाजला. सिंग यांची तबकडी २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा कुठे लोकांचे कान टवकारले. मात्र ‘हे सगळं आपणच आधी शोधलं’ असं सांगत फिरू नकोस. शिकागोच्या पोरांनी ती ऐकली होती असं काही दिसत नाही.

आता यातून पुढे कसं जायचं? हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांवर वादकांची नावं सहसा छापतच नसत, त्यामुळे तिथे शोधणं कठीण. चित्रपटांत सोपं आहे. शेवटी नावं वर सरकू लागली की आपण चित्रपट बंद करतो, आणि नेमका तिथेच पुढचा पत्ता असतो.

चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ (२०२०) घे. त्याचा नायक, गाणं शिकणारा शरद नेरुळकर, रात्री मोकळ्या रस्त्याने संथ मोटारसायकल चालवतो आणि कानात माई या थोर गायिकेची जुनी व्याख्यानं चालू असतात. तो कडक, न विरघळणारा आवाज सुमित्रा भावे यांचा. त्या नावाचा माग काढलास की त्यांनी सुनील सुकथनकरांबरोबर केलेले ‘दोघी’, ‘अस्तु’, ‘कासव’ सापडतील. ‘अस्तु’ आधी पाहा. मोहन आगाशे यात स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित आहेत. ते हत्तीमागे चालत निघून जातात आणि माहुताच्या घरी पोचतात. माहुताची बायको झालेली अमृता सुभाष कन्नड बोलते, पंडितांना तर आता कुठलीच भाषा नीट धरता येत नाही, तरी दोघांचं चांगलं जमतं. पहिली वीस मिनिटं संथ वाटतील. फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

त्याच ‘डिसायपल’मधल्या गुरुजींचं काम करणारे अरुण द्रविड खरेच गवई आहेत, शिवाय केमिकल इंजिनिअर. त्यांची तालीम जयपूर घराण्याच्या गायिका मोगूबाई कुर्डीकरांकडे झाली. म्हणजे एका चित्रपटातून तू जयपूर घराण्यात पोचलास.

संगीतकार जयदेव यांचंही तसंच. ‘गमन’ (१९७८) पाहा, मुंबईत टॅक्सी चालवणारा फारूक शेख आणि गावी वाट पाहणारी स्मिता पाटील. छाया गांगुलींचं ‘आप की याद आती रही’ आवडलं, तर संगीतकाराचं नाव धरून अमोल पालेकरांच्या ‘अनकही’कडे जा. तिथे भीमसेन जोशी गातात.

गेम्सबद्दल मी थोडंच बोलतो, त्यात तू माझ्यापेक्षा तरबेज. पण ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) खेळून पाहा. सीमेवरच्या खिडकीत बसून लोकांचे कागद तपासायचे, आणि जितके तपासाल तितका पगार. त्यातच घरभाडं, जेवण, औषधं. सरकारी खिडकीच्या बाहेर आपण आयुष्यभर उभे असतो, इथे आत बसायला मिळतं. तो गेम लूकस पोप या एकट्या माणसाने बनवला. त्याचाच ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८): रिकामं परतलेलं जहाज, साठ माणसं, कोण कसं गेलं हे आपण शोधायचं. वही-पेन्सिल घेऊन बस, त्याशिवाय मजा नाही.

आणि एलपी घ्यायचीच असेल, तर चोर बाजारात मटन स्ट्रीटला जा, पण शुक्रवार टाळ, दुकानं बंद असतात. तबकडी उजेडात तिरकी धरून चरे बघ आणि पैसे देण्याआधी दोन मिनिटं वाजवून दाखवायला सांग. दुकानदार कुरकुर करेल, वाजवेल मात्र.

तुझा,
काका