आंतरराष्ट्रीय शाळेतील बालसंरक्षणाची व्यवस्था खरी आहे की केवळ कागदोपत्री, हे पालकांनी कसे ओळखावे?

आपण लिहिले आहे की नोकरीतील बदलीमुळे दोन्ही मुलांना परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळेत घालावे लागणार आहे, शाळेने बालसंरक्षण धोरणाची जाडजूड फाईल पाठवली आहे, आणि ती वाचूनही आपले समाधान झालेले नाही. मी अशा शाळांमध्ये आधी समुपदेशक आणि नंतर बालसंरक्षण प्रमुख म्हणून काम केले आहे, आणि माझ्या मते आपली शंका रास्त आहे. धोरणाच्या फाईली एकमेकींवरून बेतलेल्या असतात, त्यामुळे त्या वाचून शाळेची पारख होत नाही. मी स्वतः एकच गोष्ट पाहते: माणसे सोडून गेल्यावर त्यांना ठाऊक असलेले शाळेकडे उरते का.

या शाळांत कायमचे असे फारसे कोणी नसते. शिक्षकांचे करार बहुधा दोन वर्षांचे असतात, मुख्याध्यापक बदलतात, आणि संचालक मंडळावरच्या पालकांचीही केव्हा बदली होईल ते सांगता येत नाही. एखाद्या शिक्षकाविषयी सहकाऱ्याच्या मनात आलेली शंका त्या सहकाऱ्याबरोबरच दुसऱ्या देशात निघून जाते आणि तो शिक्षकही नव्या शाळेत कोऱ्या पाटीने रुजू होतो. विल्यम वेही या अमेरिकी शिक्षकाचे प्रकरण हे याचे सर्वांत भीषण उदाहरण आहे. 1969 मध्ये कॅलिफोर्नियात बालकांच्या लैंगिक शोषणाबद्दल तो दोषी ठरला होता, तरीही पुढची सुमारे चार दशके तो वेगवेगळ्या देशांतील आंतरराष्ट्रीय शाळांत शिकवत राहिला. 2014 मध्ये निकाराग्वात त्याचा चोरीला गेलेला पेन ड्राइव्ह शाळेच्या हाती लागला तेव्हा सगळे उघडकीस आले, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याने आत्महत्या केली. किमान 90 मुलांची छायाचित्रे त्यात असल्याचे एफबीआयने सांगितले. त्याला आवडता शिक्षक मानणारी मुले आणि पालक शाळाशाळांत होते, हेही लक्षात ठेवावे.

या प्रकरणानंतर त्याच वर्षी शाळांच्या संघटना, मान्यता देणाऱ्या संस्था आणि शिक्षकभरती करणाऱ्या कंपन्या यांनी मिळून बालसंरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय कार्यदल स्थापन केले आणि भरतीचे निकष कडक झाले. म्हणून पहिला प्रश्न भरतीचाच विचारावा. उमेदवार ज्या ज्या देशांत राहिला त्या प्रत्येक देशाचा पोलिस दाखला शाळा मागते का, अर्जातील रिकाम्या महिन्यांचा हिशेब विचारते का, आणि आधीच्या मुख्याध्यापकांशी फोनवर प्रत्यक्ष बोलते का? पोलिस दाखल्यावर मात्र फार विसंबू नये, कारण ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच नोंदली गेली नाही त्याचा दाखला स्वच्छच येतो. बदनामी टाळण्यासाठी संशयित शिक्षकाचा राजीनामा गुपचूप घ्यायचा आणि वर गोड शिफारसपत्र द्यायचे, हा प्रकार या क्षेत्राला नवा नाही. त्यामुळे माझ्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे: आपल्याकडून गेलेल्या शिक्षकाविषयी दुसऱ्या शाळेने विचारणा केली, तर उत्तर कोण देते आणि ते कशाच्या आधारे देते? या प्रश्नाला चाचपडत उत्तर आले, तर बाकीची फाईल वाचण्यात फारसा अर्थ नाही.

अशा उत्तराला आधार लागतो तो किरकोळ वाटणाऱ्या नोंदींचा. समजा, सप्टेंबरात ग्रंथपालाने लिहिले की अमुक सरांनी एका मुलाला स्वतःच्या गाडीतून घरी सोडले. नोव्हेंबरात बसमधील मदतनिसाने सांगितले की तेच सर त्या मुलाला रात्री फोनवर संदेश पाठवतात. फेब्रुवारीत एका शिक्षिकेला संगीताच्या खोलीच्या दाराची काच तक्त्याने झाकलेली दिसली. यातली कोणतीही एक गोष्ट गुन्हा नाही, आणि प्रत्येकीचे निरुपद्रवी स्पष्टीकरणही असू शकते. पण तिन्ही नोंदी तारीख आणि सहीनिशी एकाच व्यक्तीकडे आल्या, तर ती व्यक्ती वेळेवर दखल घेऊ शकते. त्या तीन वेगवेगळ्या डोक्यांत राहिल्या, तर वर्षअखेरीस तिघांपैकी दोघे दुसऱ्या खंडात असतात. शाळा पाहायला जाल तेव्हा बालसंरक्षण प्रमुखाला भेटाच, पण बसमधील मदतनीस किंवा फाटकावरचा रखवालदार यांनाही सहज विचारा, ‘काही खटकले तर तुम्ही कोणाला सांगता?’ नाव चटकन आले, तर व्यवस्था मुळापर्यंत पोहोचली आहे असे समजायला हरकत नाही. मुख्याध्यापकांविषयीच तक्रार असेल तर ती कोणाकडे जाते, हेही विचारावे. ती थेट संचालक मंडळाच्या अध्यक्षांकडे जायला हवी.

लोक बोलत का नाहीत, याचे कारण या समाजाच्या घडणीत आहे. परक्या देशात शिक्षक आणि पालक एकाच वसाहतीत राहतात, सुट्टीत एकत्र सहलीला जातात, एकमेकांची मुले सांभाळतात, आणि शिक्षकाचा व्हिसा, घर आणि स्वतःच्या मुलांची फी या साऱ्या गोष्टी त्याच नोकरीवर अवलंबून असतात. शेजाऱ्याविरुद्ध शब्द काढणे अशा ठिकाणी फार महाग पडते. म्हणूनच पुराव्याची वाट न पाहता केवळ शंका नोंदवण्याची मुभा हवी आणि तसे करणाऱ्याला संरक्षण हवे. यात ज्याच्यावर शंका घेतली त्याच्यावरही अन्याय होत नाही, कारण कुजबुजीपेक्षा लेखी नोंद तपासणे सोपे असते. शाळेने बाहेरून नेमलेले क्रीडा प्रशिक्षक, खासगी शिकवण्या, मुक्कामी सहली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना होणारा त्रास हे सारे या व्यवस्थेत येते की नाही, तेही तपासावे.

मूल उद्या आपल्यालाच काही सांगू लागले, तर शांतपणे ऐकावे, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. त्याचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून बालसंरक्षण प्रमुखाला ईमेल करावेत आणि पोच मागावी. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला स्वतः जाऊन जाब विचारू नये, त्याने पुढची चौकशी बिघडते. शाळा ‘आम्ही अंतर्गत पाहून घेऊ’ एवढेच म्हणत राहिली, तर त्या देशातील पोलिसांकडे किंवा बालकल्याण यंत्रणेकडे जाण्यासाठी आपल्याला शाळेच्या परवानगीची गरज नाही. त्या यंत्रणेचा संपर्क आणि आपल्या दूतावासाचा क्रमांक शाळा सुरू होण्यापूर्वीच मिळवून ठेवावा.