जेनेटिक काउन्सेलिंग शिकणाऱ्या मुलीला पत्र

अगं, तुझी असाइनमेंट वाचली. दोर येशोरिम ही ज्यूंची लग्नाआधी आनुवंशिक आजारांची तपासणी करणारी संस्था लोकांना त्यांचाच रिपोर्ट देत नाही म्हणजे ती अनैतिक, असं तू एका ओळीत लिहून टाकलंयस. इतकी घाई नको करूस.

आधी टे-सॅक्स, ज्या आनुवंशिक आजारासाठी ही तपासणी सुरू झाली, तो काय ते बघ. बाळ छान जन्मतं, हसतं, मान धरतं, आणि सहा महिन्यांच्या आसपास शिकलेलं एकेक सुटायला लागतं, जरा भांडं वाजलं तरी दचकतं, बसेनासं होतं, पुढे नजर जाते आणि बहुतेक मुलं चार-पाच वर्षांची होईपर्यंत जातात. बरं करणारं औषध अजून नाही. अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये साधारण 30 मध्ये 1 जण कॅरिअर असतो, म्हणजे दोषी जनुकाची एक कॉपी त्याच्यात असते, त्याला स्वतःला काही होत नाही, पण नवरा-बायको दोघं कॅरिअर असले की प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका. 1971 मध्ये डॉक्टर मायकेल काबाक यांनी मेरिलँडमधल्या बेथेस्डात थेट सिनेगॉगमध्येच (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) रक्ततपासणी सुरू केली, आणि पुढे अमेरिका-कॅनडातल्या ज्यूंमध्ये अशा बाळांचं प्रमाण 90 टक्क्यांहून जास्त घटलं.

पण त्यात गर्भाची तपासणी आणि वेळ आली तर गर्भपात हे आलंच, आणि कट्टर धार्मिक घरांना ते चालणारं नव्हतं. रब्बी जोसेफ एकस्टाइन यांची चार मुलं टे-सॅक्सने गेली. त्यांनी 1983 मध्ये ब्रुकलिनमध्ये दोर येशोरिम काढलं. मुलामुलींचं रक्त शाळेतच घेतात, नावाऐवजी नंबर देतात, स्थळ आलं की दोघांचे नंबर फोनवर सांगायचे, उत्तर येतं जुळतं की नाही एवढंच. एकटा कॅरिअर असेल त्याला ते कधी कळतच नाही. का, तर तिथेही लग्नं ठरवून होतात, आणि 'त्या घरात काहीतरी आहे' अशी कुजबुज झाली की एकीचं नाही, पाठच्या बहिणींचंही लग्न अडतं, हे तुला मी काय सांगायचं! टे-सॅक्सपुरतं मला ते पटतं, अगदी मनापासून पटतं.

गॉशे हा दुसरा आनुवंशिक आजार स्क्रीनिंगच्या यादीत घालतात तिथे मात्र माझी हरकत आहे. त्याच्या टाइप 1 या प्रकारात एन370एस म्युटेशनच्या (जनुकातल्या एका बदलाच्या) दोन्ही कॉपी असूनही काही जण आयुष्यभर धडधाकट असतात, आणि त्रास झालाच तर एन्झाइमचं इंजेक्शन आहे. एवढ्यासाठी ठरत आलेलं लग्न मोडायचं?

आणि कॅन्सरशी संबंधित बीआरसीए जनुकांच्या तपासणीला तर हे लपवणं चालणारच नाही. अश्केनाझींमध्ये 40 पैकी 1 जणाकडे ते म्युटेशन असतं, आणि इथे धोका होणाऱ्या बाळाला नाही, समोर बसलेल्या बाईलाच आहे, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा, तिला सांगायलाच हवं. पण तिचा रिपोर्ट आला की न विचारता तिच्या बहिणीबद्दल, आईबद्दल किंवा वडिलांबद्दलही काहीतरी कळतं (हो, वडिलांकडूनही येतं, हे लोक फार विसरतात), म्हणून घरात कोणाला सांगणार, कोणाला ऐकायचंच नाहीये, हे बोलणं रक्त घ्यायच्या आधी व्हायला हवं. इन्शुरन्सचंही आधीच सांग, अमेरिकेतला 2008 चा जिना कायदा नोकरी आणि हेल्थ इन्शुरन्सला लागू आहे, लाइफ इन्शुरन्सला नाही.

अजून एक, फॉर्मवर नुसतं 'ज्यू' लिहून पुढे जाऊ नकोस. आपल्या अलिबाग-पेणकडच्या बेने इस्राएल घरातली मुलगी समोर आली तर अश्केनाझींचे हे आकडे तिला लावता येत नाहीत. आजी-आजोबा, चौघंही, कुठले ते विचार आणि मगच पॅनेल, म्हणजे कुठल्या तपासण्या करायच्या ते, ठरव.