त्याचे मत पत्रात कुठे आहे?

प्रश्न : माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. त्याला सौम्य स्वरूपाचे बौद्धिक दिव्यांगत्व आहे. शिक्षिकांनी कष्ट घेतले, परीक्षेत सवलती मिळाल्या आणि यंदा तो दहावी उत्तीर्ण झाला. त्याला हायर सेकंडरीत घालावे असे मला वाटते. यजमान म्हणतात, तिथे मुले त्याची टर उडवतील, त्यापेक्षा घरी राहू दे. दीर त्याला आपल्या दुकानात बसवायला तयार आहेत. तो फारसे बोलत नाही, पण चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) दरवर्षी तोच बांधतो. आमच्यामागे त्याचे कसे होणार, या विचाराने झोप लागत नाही.
– एक आई, फोंडा तालुका, गोवा

ताई,

तुमच्या पत्रात तुमचे मत आहे, यजमानांचे आहे आणि दिरांचेही आहे. ज्याच्याविषयी हे सारे लिहिले आहे, त्याचे मात्र एकही वाक्य नाही. मी तुम्हाला दोष देत नाही, कारण ज्याच्या वतीने सतरा वर्षे बोलावे लागले, त्याला विचारायचे राहून जाणे अगदी स्वाभाविक आहे. तरीही पुढचे सगळे निर्णय तिथूनच सुरू व्हायला हवेत.

माटोळीविषयीचे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. सुपारीचे कातरे, कवंडळे आणि आंब्याचे टाळे ओळखून वेगळे करणे, जड आणि हलके तोलून लाकडी चौकटीला गाठी मारणे आणि वर्षभराने तोच क्रम आठवून पुन्हा बांधणे, हे काम पाहुण्यांपैकी किती जणांना जमेल? तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे. मी ते त्याच्या प्रगतिपुस्तकात पहिल्या ओळीवर लिहिले असते. तुमच्या तालुक्यात कुळागरे, म्हणजे सुपारी-मसाल्याच्या बागा आहेत, त्यांतली काही पर्यटकांसाठी खुली आहेत, आणि मसाला निवडणे, पाकिटे भरणे, रोपांची निगा राखणे ही तिथली कामे त्याच्या हाताला ओळखीची वाटतील. ओळखीच्या एखाद्या बागायतदाराकडे किंवा रोपवाटिकेत आठवड्यातून दोन सकाळी त्याला पाठवून पाहा. कामाचे टप्पे फोटो काढून क्रमाने चिकटवून द्या, सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभे राहावे आणि हळूहळू दूर व्हावे.

हायर सेकंडरीचे म्हणाल, तर तिथल्या प्राचार्यांना भेटून व्यावसायिक विषय कोणते आणि परीक्षेत सवलती कोणत्या, हे आधीच विचारून घ्या. तो वेग झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी करता येते. तिथे एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसण्याची संधी असते, त्यामुळे वर्षाला एकदोन विषय घेत शांतपणे पुढे जाता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत आणि वयाची अट पाच वर्षांनी शिथिल केली आहे. पण राखीव जागेमुळे प्रवेश मिळतो, पेपर सोपा होत नाही, हे मनात पक्के असू द्या. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणातही त्याच्या वाट्याचा 1 टक्का स्वमग्नता, मानसिक आजार, बहुविकलांगता अशा इतर गटांसह वाटून घ्यायचा असतो. अर्ज जरूर करा, मात्र सगळा भार त्यावर टाकू नका.

आता दुकान. ‘बसवायला’ हा शब्द मला खटकला. दुकानात बसवणे आणि कामाला लावणे यांत फार अंतर आहे. दिरांना सांगा, की त्याला ठरावीक वेळ, ठरावीक काम आणि महिन्याला थोडा तरी पगार द्या, तोही त्याच्या नावच्या बँक खात्यात. हे त्यांना मान्य नसेल, तर ती जागा वेळ घालवण्यापुरती आहे, असे समजा.

यजमानांची भीती खोटी नाही. टर उडवणारी मुले असतातच. मात्र घरी ठेवल्याने ती मुले बदलत नाहीत आणि आपला मुलगाही काही शिकत नाही. कदंबाच्या सरकारी बसमध्ये एकट्याने चढणे, सुटे पैसे मोजून घेणे, वाट चुकल्यास कंडक्टरला विचारणे आणि कोणी नको ते करायला सांगितल्यास ठामपणे ‘नाही’ म्हणणे, याचा सराव आजपासून सुरू करा. पहिले काही दिवस यजमानांनीच त्याच बसमध्ये मागच्या आसनावर बसावे. (आणि परक्यांसमोर त्याला ‘बाबू’ म्हणणे थांबवा. गोव्यात पन्नाशीचा माणूसही बाबूच असतो हे खरे, पण त्याच्या बाबतीत लोक तो शब्द ‘अजून लहान मूल’ अशा अर्थाने घेतात.)

झोप उडवणाऱ्या प्रश्नाचा काही भाग कागदपत्रांनी सुटतो. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तरीय समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, अजून काढले नसेल, तर पहिले काम ते.

आणि त्याला विचारताना ‘कॉलेजला जाशील ना?’ असे विचारू नका, कारण तुमच्या चेहऱ्याकडे पाहून तो हो म्हणेल. आधी त्याला हायर सेकंडरीच्या वर्गात एक दिवस आणि कुळागरात एक दिवस नेऊन आणा, दोन्ही जागांचे फोटो घरी त्याच्यासमोर ठेवा, आणि उद्या कुठे जायचे ते बोट ठेवून दाखव, एवढेच म्हणा. तो वेळ घेईल. तोवर घरात कोणीही मध्ये बोलू नये.