गोव्यात पक्षी पाहायला दहा हजारांच्या आत कोणती दुर्बीण घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की बजेट दहा हजारांचं आहे, फिरणं करमळीचं तळं, चोडण आणि मोले या बाजूला होईल, आणि ऑनलाइन दिसलेली ‘३०×६०’ घ्यावी की दुकानदाराने दाखवलेली झूमवाली ‘१०-३०×५०’, असा पेच आहे. नऊ वर्षांच्या मुलीलाही ती वापरता यावी अशी इच्छा आहे. सरळ सांगतो, या दोन्ही सोडा आणि ८×४२ घ्या. आता कारणं सांगतो, कारण ती कळली की दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी तुमचा निर्णय तुम्हालाच घेता येईल.

दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसेल, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिमी, १०×४२ मध्ये ४.२, तर ३०×५० मध्ये जेमतेम १.७. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिमीच उघडी असते, त्यामुळे दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर सगळ्याच दुर्बिणी बऱ्या वाटतात. खरी परीक्षा सावलीत. सकाळी साडेसहाला मोलेच्या रानात किंवा कुठल्याही दाट कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) बाहुली मोठी होते आणि तिला जास्त प्रकाश हवा असतो. बारीक झोताची दुर्बीण तिथे काळपट चित्र दाखवते.

मलबारी कर्ण्याचंच उदाहरण घ्या. हा पक्षी मधल्या उंचीच्या फांदीवर बराच वेळ हलत नाही, आणि बहुतेकदा आपल्याकडे पाठ करून बसतो. पाठ तपकिरी, मागचं पान तपकिरी, उजेड कमी. नर जरासा वळला की पोटाचा लाल रंग आणि छातीवरची पांढरी पट्टी दिसते, तीही चांगला उजेड देणाऱ्या भिंगातूनच. अंधूक दुर्बिणीत तो एक तपकिरी ठिपका राहतो आणि तुम्ही पुढे निघून जाता. ज्याला गोव्याच्या रानातले पक्षी पाहायचे आहेत त्याने पैसे पटींवर न घालता उजेडावर घालावेत, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट दृष्टिक्षेत्राची. दुर्बिणीवर ते अंशांत किंवा ‘१००० मीटरवर इतके मीटर’ असं लिहिलेलं असतं. आठ अंश म्हणजे हजार मीटरवर सुमारे १४० मीटर. कुळागरात पक्षी वीस मीटरवर असेल तर या हिशेबाने पावणेतीन मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, म्हणजे पोफळीच्या झावळ्यांत उड्या मारणारा हरेवा सापडायला वाव आहे. तीन-साडेतीन अंशांच्या वीसपटी दुर्बिणीत तोच तुकडा मीटरभराचा उरतो. त्यात पक्षी शोधेपर्यंत तो शेजारच्या कुळागरात गेलेला असतो.

पट वाढली की हाताचं कापणंही तेवढ्याच पट वाढतं. दहापटीपर्यंत सराव असलेले लोक हातात धरून निभावतात, त्याहून जास्त पटीला तिपाई लागते. आणि गोव्यात तर पुष्कळसं पाहणं होडीतून होतं: चोडणच्या सलीम अली अभयारण्यातली कांदळवनं, कुंभारजुवे कालव्यातल्या मगरी, झुआरीकाठचे खंड्ये. हलत्या होडीत आठपट दहापटीपेक्षा जास्त तपशील दाखवते, कारण चित्र स्थिर राहतं.

झूमच्या दुर्बिणी मी या किमतीत कोणालाच सुचवत नाही. सगळ्यात कमी पटीवरसुद्धा त्यांचं दृष्टिक्षेत्र साधारण चार अंशांच्या आसपास असतं, आत हलणारे भाग जास्त असतात, आणि दोन्ही नळ्या एका रेषेत राहणं कठीण जातं. ‘३०×६०’ लिहिलेली स्वस्तातली जी येते तिच्या पुढच्या भिंगाला पट्टी लावून पाहा, साठ मिमी भरत नाही. ‘डे अँड नाइट व्हिजन’ हे शब्द आणि लाल-नारिंगी चमकणारी भिंगंही टाळा. ते लाल कोटिंग प्रकाशातला लाल भाग परत फेकतं, त्यामुळे रंग बिघडतात, आणि पक्षी ओळखायला रंगच तर हवे असतात.

आता नेमकं काय घ्यायचं. तुमच्या पैशांत दोन घाट मिळतात. एक पोरो, खांदे बाहेर आलेली जुन्या पद्धतीची. दुसरी रूफ प्रिझमची, सरळ नळ्यांची आणि आटोपशीर. रूफ प्रिझममध्ये प्रकाशाचे दोन भाग होऊन ते पुन्हा जुळतात, म्हणून ते फार अचूक घडवावं लागतं आणि त्यावर फेज कोटिंग, म्हणजे हे भाग नीट जुळवणारा पातळ थर, लागतो. स्वस्त रूफमध्ये इथेच काटकसर होते आणि चित्र मऊ पडतं. त्यामुळे सारख्या किमतीत पोरो बहुधा जास्त स्पष्ट दाखवते.

निकॉन ॲक्युलॉन ए२११ ही ८×४२ पोरो तुमच्या बजेटात बसावी. दृष्टिक्षेत्र आठ अंश, चित्र छान उजळ, वजन मात्र पाऊण किलो. तिच्यात तीन उणिवा आहेत: पाणी अडवत नाही, पाच मीटरच्या आतलं स्पष्ट होत नाही, आणि डोळा भिंगापासून १२ मिमीवरच ठेवावा लागतो, म्हणजे चष्मेवाल्यांना कडेचा भाग दिसत नाही. तुम्ही चष्मा वापरत असाल तर हे अंतर किमान १५ मिमी असलेलीच घ्या. माहितीपत्रकात ते ‘आय रिलीफ’ या नावाने दिलेलं असतं. ऑलिंपसची ८×४० एस याच जातीची.

थोडे पैसे वाढवता आले तर निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२ किंवा सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स ८×४२ पाहा. दोन्ही रूफ, दोन्ही जलरोधक आणि आत नायट्रोजन भरलेल्या. किमती सेलमध्ये वरखाली होतात, म्हणून आकडा लिहीत नाही. नेचर डीएक्स दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवते, फुलपाखरं आणि चतुर पाहायला फार कामाची.

जलरोधक हवीच का? तुम्ही नोव्हेंबर ते मार्च एवढंच फिरणार असाल तर नको, ॲक्युलॉन घ्या आणि उरलेले पैसे गाडीच्या पेट्रोलला ठेवा. पण तिबोटी खंड्या पाहायचा असेल तर जून-जुलैमध्येच बाहेर पडावं लागेल, कारण आपल्याकडे तो पावसात वीण घालायला येतो. तेरा-एक सेंटिमीटरचा जीव, ओढ्याकाठच्या दरडीत बीळ करतो. त्याला दुरूनच पाहावं, बिळाजवळ जाऊ नये. त्या दिवसांत दुर्बीण भिजणारच, आणि साध्या दुर्बिणीत आतून वाफ धरते.

त्याहून वाईट बुरशी. गोव्याच्या दमट हवेत कपाटात चामडी पाकिटात ठेवलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. ते कोटिंग खातात आणि साफ करूनही डाग राहतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि दुर्बीण पूर्ण कोरडी झाल्यावरच आत ठेवा. रंग बदलणारे दाणे मिळाले तर उत्तम, ओले झाले की कळतं आणि तापवून पुन्हा वापरता येतात. मोरजीच्या किनाऱ्यावरून आल्यावर बाहेरचं रबर किंचित ओल्या फडक्याने पुसा. भिंगावरची रेती आधी फुंकणीने उडवा, मगच लेन्सचं कापड लावा. शर्टाच्या टोकाने कधीच नको. जुनी दुर्बीण विकत घेत असाल तर पुढच्या भिंगातून टॉर्च मारून मागून, थोडं लांबूनच बघा, बुरशी असेल तर लगेच दिसते. टॉर्च विझवल्याशिवाय डोळा मात्र लावू नका.

दुकानात एवढं करा. दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या भिंगात दिसणारं उजेडाचं वर्तुळ बघा. ते पूर्ण गोल असावं. कडा कापल्यासारखी चौकोनी दिसली तर आत बीके-७ या काचेचं हलक्या प्रतीचं प्रिझम आहे, बीएके-४ या चांगल्या काचेचं नाही. मग बाहेर येऊन आकाशासमोरची विजेची तार पाहा, तिच्या कडेला जांभळी-हिरवी झालर किती येते ते कळेल. दोन-तीन मिनिटं सलग पाहूनही डोळ्यांना ताण येता कामा नये. आला तर नळ्या एका रेषेत नाहीत. ऑनलाइन घेतलीत तर परत करायची मुदत असते, तेव्हा हे सगळं पहिल्याच दिवशी करा. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नका.

आणि दुर्बीण घरी आल्याबरोबर डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक जुळवणारी कडी, लावून घ्या. पुष्कळ लोक हे करतच नाहीत आणि दुर्बिणीला नावं ठेवतात. उजवं भिंग झाकून डाव्या डोळ्याने दूरची एखादी पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करा. मग डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ती खूण लक्षात ठेवा. त्यानंतर फक्त मधलं चाक वापरायचं. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी गाठायचा, नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण वर आणायची. सराव हवा असेल तर फेब्रुवारीत फुललेली सावर किंवा पांगारा गाठा. साळुंक्या, बुलबुल, हरेवे यांची तिथे दिवसभर ये-जा असते आणि पानं गळलेली असल्याने काही लपत नाही.

एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो. मोरजीला किंवा चोडणच्या चिखलात दीडशे-दोनशे मीटरवर पळणारे चिखल्ये आणि तुतवार आठपटीत नीट ओळखता येत नाहीत, दहापटीतही नाहीत. त्याला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एका नळीची मोठी दुर्बीण, लागतो. पण भरतीचं वेळापत्रक पाहून गेलात तर अडचण अर्धी होते. पाणी चढतं तसा उघडा चिखल कमी होतो आणि पक्षी काठाकडे, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधांकडे सरकतात. भरतीच्या दीड-दोन तास आधी जाऊन एका जागी बसून राहा. करमळीला हा प्रश्न कमी. अडई, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या आठपटीत मस्त दिसतात.

मुलीचं मात्र वेगळं पाहावं लागेल. ४२ मिमीच्या बहुतेक दुर्बिणींच्या नळ्या ५६ मिमीपेक्षा जवळ येत नाहीत, आणि या वयात कित्येक मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी असतं. दुकानात तिला सोबत न्या, नळ्या पूर्ण मिटा आणि तिला किती वर्तुळं दिसतात ते विचारा. एकच दिसलं तर तुमचीच दोघांत चालेल. एकमेकांवर चढलेली दोन दिसली तर तिला ६×३० किंवा ८×२५ अशी लहान, हलकी दुर्बीण घ्या. तिच्याही नळ्या मिटवून हीच चाचणी करा, आणि पट्टा तिच्या छातीपर्यंतच येईल एवढा आखूड करून द्या.