मशीननं बाबा पहिल्यासारखे होतील काय?

पार्किन्सन्सच्या पेशंटचे घरचे माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. हातांची थरथर गोळ्यांनी बरीच आवरलेली असते, पण हिशेब चुकतो, बोलता बोलता धागा सुटतो, दोन कामं एका वेळी जमत नाहीत. मग कुणीतरी सांगतं, आता डोक्याला मशीन लावून ठीक करतात.

हे काका 67 वर्षांचे. नागपूरच्या कळमना बाजारात त्यांची संत्र्याची अडत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा जाडजूड फाईल घेऊन आला होता, काकू गप्प होत्या. काकांचं पहिलं वाक्य, "मले शॉक देतात काय? पागलखाना चौकात नेतात काय?"

ही भीती आधी निघायला हवी, नाहीतर पुढचं काही ऐकूच येत नाही. मी सांगितलं, "नाही काका. यात भूल नाही, झटका नाही, चिरफाड नाही. एका प्रकारात डोक्याजवळ कॉइल धरतात, टकटक आवाज येतो, चुंबकाचे ठोके कवटीतून आत पोचतात. दुसऱ्यात मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज लावून साधारण वीस मिनिटं एक-दोन मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह सोडतात. थोडं चुणचुणतं. तुम्ही खुर्चीत जागे बसलेले असता."

"अन् फायदा?" मुलानं विचारलं.

खरं ते सांगितलं. चुंबकाच्या उपचाराला अमेरिकेत 2008 साली नैराश्यासाठी मान्यता मिळाली. पार्किन्सन्समधल्या विचारशक्तीसाठी झालेले अभ्यास लहान आहेत. काहींत लक्ष आणि नियोजन थोडं सुधारलं, काहींत खोटं मशीन, म्हणजे उपचाराचा नुसता देखावा, लावलेल्यांइतकाच फरक पडला. आजार यानं थांबत नाही. "पण बाबा पहिल्यासारखे झालेच पाहिजेत," मुलगा म्हणाला. माझं लक्ष त्या 'च'वर गेलं. माणूस आजारानं थकतो त्याहून जास्त अशा हट्टानं थकतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

तिसऱ्या भेटीत मी काकांना विचारलं, "अठ्ठावीस हजार रुपये टन भाव. सव्वातीन टन आंबिया बहाराची संत्री. किती झाले?"

काकांचा चेहरा दगडासारखा. पाच सेकंदांत मुलगा म्हणाला, "बाबा, सांगा ना! मॅडम, पाहा, असंच होते." मी हात वर करून त्याला थांबवलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाहत राहिले. दहा. पंधरा. काकांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. अठराव्या सेकंदाला आवाज आला, अगदी बारीक:

"एक्याण्णव हजार. हमाली, तोलाई वेगळी."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हमाली-तोलाई मी विचारलीच नव्हती! या आजारात विचार मंदावतो आणि चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. म्हणून आत गणित चालू असलं तरी बाहेर काहीच दिसत नाही. घरच्यांना वाटतं, कळलंच नाही. मग ते दुसरा प्रश्न टाकतात आणि पहिलं उत्तर अर्ध्यातच मरतं. त्या दिवशी मलाही कळलं की इतकी वर्षं मी घरच्यांना धीर द्यायला शिकवत होते, थांबायला नाही.

माझं मत विचाराल तर मशीनआधी काही गोष्टी न्यूरॉलॉजिस्टला विचारा. थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे का? वाढत्या वयात त्यानं स्मरण आणखी धूसर होऊ शकतं, पण गोळी मनानं बंद करू नका. झोप, बी-12, मनाची उदासी तपासून घ्या. उदास मनही असंच संथ चालतं. फिट येत असेल, डोक्यात धातू, कानात इम्प्लांट, पेसमेकर किंवा मेंदूत तारा बसवलेल्या असतील तर ते आधीच सांगा. 'सगळं ठीक करून देतो' म्हणत पॅकेज विकणाऱ्यापासून दूर राहा. आणि मशीन लावायचंच ठरलं, तर नेमकं काय सुधारायला हवं ते पेशंटच्या तोंडून ऐकून आधी लिहून ठेवा.

काकांना मी तेच विचारलं. "मशीन लावलं तर काय जमायला पाहिजे, काका?"

मुलाचे ओठ हलले. काकूंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिघंही थांबलो.

"नातवाचे पाढे," काका म्हणाले. "मले घ्यायचे हायेत."