पाय जड होतात, मान आखडते

प्रश्न: दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून काम असतं. सकाळी रोज अर्धा तास चालते, तरी संध्याकाळी पाय जड होतात आणि मान आखडते, असं का?

उत्तर: ताई, चालणं अजिबात सोडू नका, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते ते त्यात होतंय, पण नंतर तासन् तास बसून राहिलं की पोटऱ्या हलतच नाहीत आणि पायातलं रक्त वर ढकलायला त्यांचीच तर मदत लागते. अर्ध्या तासाने उठाच, फोन उभं राहून घ्या. मीटिंगमध्ये अडकलात तर टेबलाखाली टाचा वर-खाली करा. मानेसाठी स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या लेव्हलला आणा, लॅपटॉप असेल तर खाली जाड पुस्तकं आणि कीबोर्ड वेगळा, हे खरंच करा. एकच पाय सुजला, दुखायला लागला तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.